गळ्यात पक्षाचं उपरणं, मनात प्रश्न

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक तेहतीस वर्षांचे आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं मेडिकलचं दुकान आहे. वडील चाळीस वर्षं एकाच पक्षात. सभेच्या सतरंज्या अंथरण्यापासून सुरुवात करून शहर कार्यकारिणीपर्यंत पोचलेले. पत्रलेखक स्वतः बूथप्रमुख. वडिलांच्या बायपासच्या वेळी पक्षाच्या स्थानिक नेत्याने रात्री फोन फिरवून पुण्यात बेड मिळवून दिला, मुख्यमंत्री सहायता निधीसाठी पत्रही दिलं.

गावच्या नव्या पाणी योजनेचं काम पक्षाच्याच एका नगरसेवकाच्या नातलगाकडे आहे. रस्ते उकरले, पाइप पडले, पण नळाला पाणी अजून आठवड्यातून एकदाच. विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याने यावर व्हिडिओ केला. पत्रलेखकाने तो पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून विचारलं, ‘हे खरं आहे का?’ थोड्याच वेळात ‘गद्दार’, ‘विकला गेला’ असे मेसेज सुरू झाले आणि त्यांचं ॲडमिनपद गेलं. वडील बोलेनासे झाले. विरोधी पक्षातला शाळेपासूनचा मित्र म्हणतोय, ‘ये आता इकडे.’ याशिवाय वरून एका समाजाविषयीचा मजकूर पुढे पाठवायला येतो. तो पटत नाही, तरी ते पाठवतात. त्यांचा प्रश्न: ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणवून घ्यायचं, की डोकं बाजूला ठेवायचं? की सगळं सोडून तटस्थ व्हायचं?’

नमस्कार,

खाल्ल्या घरचे वासे ही म्हण तुम्ही पत्रात तीनदा लिहिली आहे. तुमच्या मनावरचं सगळ्यात मोठं ओझं तेच दिसतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

त्या रात्री नेत्याने केलेली मदत खरी होती. वडील आज घरात आहेत यात तिचा वाटा आहे. ती विसरायला तुम्हाला कोणी सांगू नये, मीही सांगणार नाही. पण त्या मदतीचे दोन भाग वेगळे करून बघा. सहायता निधी पक्षाच्या तिजोरीतला नव्हता. तो लोकांनी दिलेल्या देणग्यांमधून उभा राहतो आणि कुठल्याही पक्षाच्या, किंवा कुठल्याच पक्षाच्या नसलेल्या रुग्णासाठी असतो. त्या माणसाचं स्वतःचं असं जे होतं ते म्हणजे झोपमोड, ओळखी आणि आपुलकी. त्याची परतफेड तुम्ही करू शकता, करायलाही हवी. त्याच्या घरी अडचण आली तर पहिल्यांदा तुम्ही पोचा. रात्री दोन वाजता औषध लागलं तर दुकान उघडा. मात्र गावाच्या पाण्यावर गप्प राहून ही परतफेड होत नाही, कारण ते पाणी तुमच्या मालकीचं नाही. दुसऱ्यांच्या नळाचं पाणी देऊन तुमचं ऋण कसं फिटेल?

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी केलेल्या भाषणातला भक्तीचा इशारा आपण खूपदा ऐकतो. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा तो भाग. त्याच्या अगदी जवळचा दुसरा मुद्दा कमी सांगितला जातो आणि तुमच्यासाठी तोच महत्त्वाचा आहे. देशासाठी आयुष्य वेचणाऱ्या थोर माणसांविषयी कृतज्ञ असण्यात काही चूक नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा असतात, असं ते म्हणाले होते. आयर्लंडचे देशभक्त डॅनिअल ओकॉनेल यांचा दाखला देऊन त्यांनी सांगितलं की स्वतःचा मान गमावून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही. राष्ट्रपुरुषांच्या बाबतीत जे खरं, ते आपल्या प्रभागातल्या नेत्याच्या बाबतीत तर नक्कीच खरं.

आता दुसरी गोष्ट. पत्रात तुम्ही ‘पक्ष’ म्हणता तेव्हा प्रत्येक वेळी वेगळ्याच कशाबद्दल तरी बोलत असता. कुठे तो बेड मिळवून देणारा नेता आहे, कुठे वडील, कुठे चिन्ह, आणि फक्त एका ठिकाणी तो विचार आहे ज्याच्यासाठी वडील तरुणपणी सायकलवरून वाड्यावस्त्या फिरले. हे सगळं एकाच दिशेने चालत असतं तोवर निष्ठेचा प्रश्नच पडत नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने ते वेगवेगळ्या दिशांना जाताना पाहिलं. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली आणि 17 फेब्रुवारी 2023 रोजी निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये घड्याळ अजित पवारांकडे गेलं. त्या काळात गावोगावच्या कार्यकर्त्यांची काय घालमेल झाली ती तुम्हीही पाहिली असेल. चिन्हाला धरून राहिलेला एकीकडे, माणसाला धरून राहिलेला दुसरीकडे. दोघंही स्वतःला निष्ठावंत म्हणत होते, दोघांनाही समोरून गद्दार ऐकावं लागत होतं, आणि त्यातले कित्येक मनापासून बोलत होते.

म्हणून एक काम करा. एका संध्याकाळी दुकान बंद केल्यावर शांतपणे लिहून काढा, की या पक्षाची कोणती गोष्ट गेली तर मी इथे राहणार नाही. ‘अमुक नेता’ असं लिहिलंत तरी हरकत नाही, ते खरं असेल तर. शेतकऱ्याच्या मालाचा भाव असेल, धर्म असेल, मराठी भाषा असेल, संविधान असेल. जे असेल ते लिहा. ती गोष्ट कळली की बाकीच्या बाबतीत मतभेद करायला तुम्ही मोकळे आहात. आणि तो कागद कोराच राहिला, तर तुमचा प्रश्न पाणी योजनेपेक्षा फार मोठा आहे, हेही तेव्हाच कळेल.

ग्रुपवर तुम्हाला ‘पक्षशिस्त’ आणि ‘व्हिप’ हे शब्द ऐकवले गेले. व्हिप म्हणजे सभागृहात कसं मतदान करायचं याचा पक्षाने काढलेला आदेश. त्याचा धाक तुम्हाला लागू नाही. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 मध्ये 52व्या घटनादुरुस्तीने आला, तो आमदार-खासदारांसाठी. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांसाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे. दोन्ही कायदे निवडून आलेल्यांना बांधतात, कार्यकर्त्याला आणि मतदाराला नाही. आमदारालाही किती बांधावं याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या किहोतो होलोहान खटल्यात केला होता. व्हिप मोडला म्हणून आमदारकी जायची ती विश्वासदर्शक ठरावासारख्या, सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानात, किंवा ज्या धोरणावर पक्षाने मतं मागितली त्या बाबतीत, अशी मर्यादा न्यायालयाने सुचवली. म्हणजे कायद्याच्या नजरेतही ‘प्रत्येक गोष्टीत मान डोलव’ ही अपेक्षा योग्य नाही.

राहिली पक्षशिस्त. तुमच्या पक्षाची घटना मिळवा आणि वाचा. नोंदणीकृत पक्षाला ती निवडणूक आयोगाकडे द्यावी लागते. बहुतेक पक्षांच्या घटनेत अधिकृत उमेदवाराविरुद्ध काम करणं हा शिस्तभंग असतो आणि कारवाईआधी म्हणणं मांडायची संधी देण्याची तरतूद असते. व्हॉट्सॲपचं ॲडमिनपद जाणं ही कारवाई नव्हे, तो कोणाचा तरी राग आहे. चाळीस वर्षं पक्षात काढलेल्या कार्यकर्त्यांनीही ही घटना क्वचितच वाचलेली असते. ती वाचून बैठकीत ‘कलम अमुकप्रमाणे मी हा विषय मांडतोय’ असं म्हणणाऱ्याला गद्दार म्हणणं जरा अवघड जातं.

आता थोडं तुम्हाला न आवडणारं बोलते. तुमचा प्रश्न रास्त होता. पण तुम्ही तो विरोधी पक्षाच्या व्हिडिओसकट, दीडशे लोकांच्या ग्रुपवर, निवडणुकीच्या तोंडावर विचारलात. त्या नगरसेवकाला आधी फोन केला होता का? पत्रात तसं काही नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, व्हिडिओतले आकडे तुम्ही तपासलेत का? आजवर पक्षाचं सगळं खरं मानत होतात, आता समोरच्यांचं खरं मानायला लागलात, एवढाच बदल झाला असेल तर त्याला मोकळं मन म्हणता येणार नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो फक्त बदलला.

हे तुमच्याच बाबतीत घडतं असं नाही. जेफ्री कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 2003 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना सरकारी मदतीच्या योजना वाचायला दिल्या, एक सढळ आणि एक कडक, आणि ती कोणत्या पक्षाला मान्य आहे तेही सांगितलं. आपल्या पक्षाची म्हणून सांगितली की उदारमतवाद्यांना कडक योजनाही पटली आणि पुराणमतवाद्यांना सढळही. गंमत म्हणजे आपल्यावर पक्षाच्या नावाचा परिणाम झाला हे त्यांना मान्यच नव्हतं. आपण योजनेचे तपशील पाहून ठरवलं, असंच त्यांना वाटत होतं. शिकलेली, हुशार मुलं होती ती.

यावर मला एक सोपी सवय उपयोगी वाटते, या सदराच्या बाकीच्या वाचकांनीही करून पाहावी अशी. बातमी वाचताना पक्षाचं नाव मनातल्या मनात बदलून वाचायचं. आपल्या नगरसेवकाच्या नातलगाला कंत्राट मिळालं. हेच त्यांच्या नगरसेवकाच्या नातलगाला मिळालं असतं तर मी काय म्हटलं असतं? आपल्या नेत्याने पक्ष बदलला की ‘विकासासाठी गेले’ आणि त्यांच्या नेत्याने बदलला की ‘खोके’, असं आपल्या तोंडून निघतंय का? दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर तुमचं मत तुमचं आहे. वेगळं आलं तर थांबा, अजून मत बनवू नका.

पाणी योजनेच्या बाबतीत मत बनवण्याआधी कागद हातात घेता येतील. माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागेल आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. पण ‘भ्रष्टाचाराची सर्व माहिती द्या’ असा अर्ज करू नका, त्यातून काही हाती लागत नाही. एका अर्जात एकच विषय ठेवा आणि नेमके कागद मागा: कामाचं अंदाजपत्रक, निविदेत किती जणांनी भाग घेतला त्याचा तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती. ही शेवटची फार बोलकी असते. अभियंत्याने कोणत्या तारखेला किती मीटर, किती व्यासाचा पाइप मोजला आणि त्यावर किती बिल निघालं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. तुमच्या आळीत किती मीटर पाइप पडला ते तुम्ही टेप लावून मोजू शकता, चर अजून उघडा असेल तर व्यासही. माहिती अधिकारात चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

कागद आले की दोन गोष्टी होऊ शकतात. कदाचित असं निघेल की पाइप नीट पडलेत, पण पाण्याची टाकी अपुरी आहे किंवा वीजजोडणी रखडली आहे, आणि व्हिडिओतला आरोप अर्धवट होता. तसं असेल तर तेही त्याच ग्रुपवर लिहा आणि त्या मित्रालाही सांगा. कदाचित आरोप खरा निघेल. मग प्रती घेऊन आधी तालुकाध्यक्षांकडे जा, एकटे नको, पक्षातलेच दोन-तीन जण सोबत घ्या. पाणी त्यांच्याही घरी येत नसणार, त्यामुळे असे लोक सापडतील. पक्षाला दुरुस्तीसाठी एक ठरावीक मुदत द्या, ती लेखी द्या. तिथे दाद लागली नाही तर मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकारी आहेतच. त्या वेळी तुम्ही ‘नागरिक’ म्हणून तक्रार कराल, त्यासाठी पक्ष सोडावा लागत नाही. घरच्या वडीलधाऱ्याला डॉक्टरकडे नेण्याआधी आपण शेजाऱ्यांना त्यांचा आजार सांगत बसत नाही. पण ते डॉक्टरकडे यायलाच तयार नसतील तर शेजाऱ्यांना हाक मारावी लागते.

वरून येणाऱ्या मजकुराबद्दल मात्र मी दोन्ही बाजू तोलणार नाही. एका समाजाविषयीचे ते व्हिडिओ आपल्या गावचे नाहीत, कधी कधी आपल्या राज्याचेही नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. त्या समाजाची माणसं रोज तुमच्या काउंटरवर उधारीने औषधं नेतात आणि महिनाअखेरीला पैसे आणून देतात, हेही तुमच्याच पत्रात आहे. जे खोटं आहे हे आपल्याला ठाऊक आहे, ते पुढे पाठवणं हे पक्षकार्य नाही. ते आजपासून थांबवा. त्यासाठी जाहीर घोषणा करायची गरज नाही, भांडायचीही नाही. कोणी विचारलं तर ‘मला हे खरं वाटलं नाही, म्हणून मी पाठवलं नाही’ एवढंच सांगा. तुमच्यासारखेच न पटता पाठवणारे त्या ग्रुपमध्ये आणखी असतील. एकाने थांबवलं की दुसऱ्याला थांबणं सोपं जातं. समाजात तेढ पसरवणारा मजकूर पसरवल्याचा गुन्हा दाखल झाला, तर मोबाइल जप्त होतो तो तुमचा, ज्याने वरून पाठवलं त्याचा नव्हे.

मग राहायचं, जायचं की तटस्थ व्हायचं? तटस्थ होण्याचा तुमचा विचार मला थकव्यातून आलेला वाटतो. थोडे दिवस विश्रांती घ्या, जरूर घ्या. पण स्वतंत्र विचार करणारा माणूस कुठल्याच बाजूला नसतो, हे मला मान्य नाही. गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले आणि आयुष्यभर शेतकरी कामगार पक्षातच राहिले. तो पक्ष राज्यात लहान होत गेला तरी ते हलले नाहीत. त्यांना कोणी ‘डोकं बाजूला ठेवलेला’ म्हणेल का? बाजू घेऊनही विचार करता येतो. तटस्थ राहूनही माणूस आंधळा असू शकतो.

राहायचं की जायचं याला मात्र एकच उत्तर नाही. 1956 मध्ये मुंबईला महाराष्ट्रापासून तोडायचा घाट घातला गेला तेव्हा चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते, कुलाब्याचे खासदार होते. त्यांनी या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच वेळी यशवंतराव चव्हाण काँग्रेसमध्येच राहिले, द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांना त्या काळात फितूर म्हटलं गेलं, 1957 च्या निवडणुकीत कराडमधून ते जेमतेम निवडून आले. पण आत राहून त्यांनी दिल्लीचं मन वळवायचं काम सोडलं नाही. 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला तो रस्त्यावर लढलेल्यांमुळे, प्राण दिलेल्यांमुळे; आणि आतून बोलणारं कोणी होतं म्हणूनही. चव्हाणांच्या त्या वेळच्या भूमिकेवर आजही वाद होतो, आणि व्हावाही. मला एवढंच दिसतं की आत राहणाऱ्याने आत राहून खरंच काहीतरी बोलत राहावं लागतं. तुम्ही राहायचं ठरवलंत तर दर काही महिन्यांनी स्वतःला विचारा: या काळात मी एकदा तरी बैठकीत वेगळं मत मांडलं का, आणि ते कोणी ऐकून घेतलं का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर दोष तुमचा. दुसऱ्याचं सतत ‘नाही’ येत असेल तर पद सोडायची वेळ आली आहे.

पद सोडणं आणि पक्ष सोडणं यातही अंतर आहे. बूथप्रमुखपद सोडून साधा सदस्य राहता येतं. मित्राच्या पक्षात मात्र इतक्यात जाऊ नका. तुम्ही आत्ता दुखावलेले आहात. शिवाय, आल्या आल्या तुमच्याकडून ते पहिली अपेक्षा करतील ती जुन्या पक्षावर टीका करण्याची. तिथेही व्हॉट्सॲप ग्रुप असेल आणि तिथल्या कंत्राटावर प्रश्न विचारलात तर काय होईल, हे मित्राला आताच विचारून घ्या.

निवडणुकीचा धाक तुम्ही लिहिला आहे: ‘माझ्या बूथवर लीड कमी आलं तर बोट माझ्याकडेच.’ बूथनिहाय आकडे सगळ्यांना दिसतात, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण मत गुप्त आहे, तुमचंही. नगर परिषदेत आपण नगराध्यक्षासाठी आणि प्रभागातल्या जागांसाठी वेगवेगळी मतं देतो. सगळी एकाच चिन्हाला द्यायचं बंधन नाही. मात्र उमेदवाराचा प्रचार दिवसा करायचा आणि रात्री पाडायचं काम करायचं, हे करू नका. एखाद्या उमेदवारासाठी मत मागणं जमणार नसेल तर अर्ज भरायच्या आधीच अध्यक्षांना सांगा, ‘या प्रभागात मी काम करणार नाही, दुसऱ्या प्रभागात द्या.’ असं तोंडावर सांगणाऱ्यावर पक्ष चिडतो, पण त्याच्यावर विश्वासही ठेवतो.

शेवटी वडील. ते बोलत नाहीत याचं कारण तुमचं मत असेलच असं नाही. चाळीस वर्षांच्या मित्रांसमोर त्यांना मान खाली घालावी लागली, त्याचा राग जास्त असेल. म्हणून त्यांना पटवून देऊ नका. त्यांना विचारा. ‘तुम्ही कधी पक्षात कोणाशी भांडला होतात का? कशावरून?’ चाळीस वर्षांत एकदाही भांडला नाही असा कार्यकर्ता मी तरी पाहिलेला नाही. कुणाचं तरी तिकीट कापलं होतं, कुणी बाहेरून येऊन पद पटकावलं होतं, एखादा मोर्चा ऐनवेळी रद्द झाला होता, काहीतरी निघेल. ते सांगू लागले की मध्ये ‘मग मी काय वेगळं केलं?’ असं म्हणू नका. पूर्ण ऐका, आणि तेव्हा त्यांनी तो प्रश्न कोणापुढे, कसा मांडला ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या तालुक्यात आजही तोच मार्ग चालू असण्याची शक्यता आहे. माहिती अधिकाराचा अर्ज देण्याआधी तो त्यांना वाचायला द्या. नगरपालिकेची कागदपत्रं त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त हाताळली आहेत. मोजमाप पुस्तिका कोणाच्या टेबलावर असते हे त्यांना विचारलं तर सांगतील.

अर्जाचं उत्तर आलं, किंवा तीस दिवसांत आलं नाही, तरी कळवा. आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या तीस दिवसांत अपील करायचं असतं. त्यासाठी अर्जाची पोच आणि त्यावरची तारीख जपून ठेवा.